बाई का प्वार

इंग्रजीतला ‘होम’ हा शब्द तोंड एका जागी ठेवून म्हटला तर तो चुकतो. हे मला कळलं तेव्हा माझं बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं होतं आणि हातातोंडाशी आलेली एक नोकरी गेली होती.

नोकरी फोनवर बोलायची होती. दोन हजार साल उलटल्यावर पुण्यात अशा कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. विलायतेतल्या माणसाचं काही बिघडलं की त्यानं तिकडून फोन लावायचा आणि तो पुण्यात बसलेल्या मुलीनं उचलायचा. नारायणगावला आमच्या कॉलेजात त्यातलीच एक कंपनी मुलं निवडायला आली. लेखी परीक्षेत माझा नंबर बराच वरचा आला. मग एका खोलीत बोलावून उतारा वाचायला दिला. मी तो कुठेही न अडखळता वाचला. समोरची बाई हसून छान म्हणाली. दुपारी यादी लागली तर माझं नाव नव्हतं.

गप्प बसणं मला तेव्हाही जमत नव्हतं. मी आत जाऊन कारण विचारलं. बाईनं कागद माझ्याकडे फिरवला. त्यावर शेरा होता, मातृभाषेचा प्रभाव. म्हणजे काय, तर माझे इंग्रजी स्वर सपाट आहेत. मी पेन म्हटलं की लिहायचं पेन की दुखणं, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. होल म्हटलं की भोक की दिवाणखाना, तेही कळत नाही. आपण मराठीत दोन्ही एकसारखेच म्हणून मोकळे होतो. तिकडचा माणूस मात्र फोन ठेवून देतो.

घरी येईपर्यंत मी जीपमध्ये धुमसत होते. आमच्या घरात आईचा प्रभाव कशावरच नव्हता. कांदा कधी काढायचा ते वडील ठरवत, कुणाच्या लग्नाला किती जणांनी जायचं ते आजोबा ठरवत. दूध कुणाला घालायचं हेसुद्धा तिला कुणी विचारत नसे. आणि एकट्या माझ्या जिभेवर म्हणे तिचा प्रभाव होता, तोही नोकरी घालवण्याइतका.

खरं तर तो शेराच चुकीचा होता. माझ्या तोंडातली भाषा माझ्या आईची राहिलेलीच नव्हती. ती मी दुसरीत असतानाच काढून घेतली होती.

आमचं गाव पिंपरी पेंढार. आमच्याकडे गोडाला ग्वाड म्हणतात, बोटाला ब्वाट, तोंडाला त्वांड. तेल असतं ते त्याल आणि शेत असतं ते श्यात. पोरीला हाक मारायची तर प्वारी. नव्वदच्या पुढेमागे मी शाळेत होते तेव्हा सगळं गाव असंच बोलायचं, आणि आपण काही वेगळं बोलतो असं कुणाच्या गावीही नव्हतं. दुसरीत नवे गुरुजी आले. पुण्यात शिकलेले, अंगानं बारीक, कधी हात न उगारणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की पुढे कॉलेजात गेलात की या बोलण्यावरून लोक हसतील, तर आत्ताच सुधारा. त्यांची एक युक्ती होती. स्वतःची दोन बोटं हनुवटीखाली धरायची आणि म्हणायचं, गोड. हनुवटी हलली की चूक. ‘ओ’ जिथं सुरू होतो तिथंच संपला पाहिजे, वाटेत कुठं घसरता कामा नये. सगळा वर्ग हनुवट्यांना बोटं लावून गोड, बोट, तोंड म्हणत बसे. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, पोरांच्या दाढा दुखतात.

मला ते पटकन आलं. मला पाठांतराची आणि बोलण्याची हौस होती, आणि शाबासकीची त्याहून जास्त. चौथीत गुरुजींनी मला जुन्नरला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला नेलं. बरोबर आई आली होती. मला बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. कार्यक्रम संपल्यावर परीक्षक बाई मुद्दाम आमच्याजवळ आल्या आणि मुलगी किती स्पष्ट बोलते, घरी कोण शिकवतं, असं आईला विचारू लागल्या. आईला आनंद झाला होता. ती म्हणाली, “आमच्या घरात कोन शिकिवनार? पर लई ग्वाड बोलती.”

बाई हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. आईनं ते पाहिलं.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “त्ये कसं म्हनत्यात गं, ग्वाड?” मी सांगितलं, गोड. आणि गुरुजींची युक्तीही सांगितली. आईनं पदराआडून आपली दोन बोटं हनुवटीखाली लावली आणि आळेफाटा येईपर्यंत ती तोंडातल्या तोंडात गोड, गोड करत राहिली. मी चौथीत होते, मला गंमत वाटली. आता ते आठवलं की गंमत वाटत नाही.

त्या दिवसापासून शिकलेल्या माणसांसाठी आईची एक वेगळी भाषा झाली. शाळेतल्या बाई, तलाठी, दवाखान्यातली नर्स, कुणीही समोर आलं की ती ‘हाय’चं ‘आहे’ करायची आणि ‘न्हाई’चं ‘नाही’. एकेक शब्द जपून ठेवायची, ओल्या सारवणावरून चालावं तसं. मनातलं निम्मं बोलायचं राहून जायचं आणि ती लवकर गप्प व्हायची. घरात मात्र तिची वाणी अखंड सुरू असे. बैलाला, शेजारणीला, चुलीला आणि मला ती एकाच भाषेत बोलायची. मी तिला उत्तर गुरुजींच्या मराठीत द्यायचे. तिला त्याचं कौतुकच होतं.

तर अशी ती माझी सपाट जीभ. मोठ्या कष्टानं सपाट केलेली.

कंपनीवाल्या बाईनं जाता जाता एक दार उघडं ठेवलं होतं. काठावर राहिलेल्या मुलींची दीडेक महिन्यानं फोनवरून पुन्हा परीक्षा घेणार होते. तोवर स्वर सुधारा म्हणाली. मंचरला यासाठी एक क्लास आहे असं मैत्रिणीकडून कळलं. मंचरला मावशी राहते, राहायची सोय होणार होती. वडिलांनी जा म्हटलं, पण त्याच दमात असंही म्हटलं की एवढी एक खेप बघू, नाही झालं तर आलेल्या पाव्हण्यांना आता उत्तर द्यावं लागेल. ते रागावून बोलले नव्हते. त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती आणि गावात लोक विचारत होते.

मला लग्न नको होतं असंही नाही. मला त्याआधी पुण्यात एक खाट हवी होती आणि खाटेखाली एक पेटी, जिची किल्ली माझ्याकडे असेल. एवढंच हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं. एका स्वरासाठी ते जाणार असेल तर तो स्वर मी घोटून घोटून शिकायला तयार होते.

क्लास खताच्या दुकानावरच्या खोलीत होता. बारा-पंधरा खुर्च्या, एक फळा, दाराशी टेबल आणि टेबलावर फोन. शिकवणारे सर निमगाव सावाचे होते. पुण्यात अशाच एका कंपनीत दोन वर्षं काढून, रात्रपाळी मानवेना म्हणून परत आलेले. त्यांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला उद्या येताना छोटा आरसा आणायला सांगितला. मुलं आरसा आणायला लाजली, तर त्यांना मोटारसायकलचा काढून आणा म्हणाले.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, डिफ्थाँग. नावच असं की म्हणताना जीभ दातात सापडावी. त्याचा अर्थ संयुक्त स्वर. ते म्हणाले, आपल्या बाराखडीत असे दोनच, कै आणि कौ, आणि त्यांना डोक्यावर दोन दोन मात्रा दिल्यात, म्हणजे बघताक्षणी कळतं. इंग्रजी लबाड आहे. लिहिते एकच अक्षर आणि तोंडाला दोन घरं हिंडवते. डे म्हणजे डे नाही. ‘ए’वरून निघायचं आणि ‘इ’कडे जायचं, डेइ. गो म्हणजे गो नाही, गोउ. पोचायचं मात्र नाही, नुसतं त्या दिशेनं जायचं. आरशात बघा, ओठ हलले पाहिजेत. ओठ हलले नाहीत तर चूक.

आणि मग त्यांनी आपली दोन बोटं हनुवटीखाली लावून दाखवली.

मी आरसा खाली ठेवला. माझ्या अंगाची आग आग झाली. त्या सरांवर रागावण्यासारखं काही नव्हतं, गुरुजींवरही नाही. पण सात वर्षांच्या पोरीला कुणीतरी सांगतं, हनुवटी हलली की चूक. ती जन्माची लकब मोडून सरळ होते. आणि बाविसाव्या वर्षी दुसरं कुणी तीच दोन बोटं त्याच जागी लावून सांगतं, हलली नाही तर चूक. माझी हनुवटी म्हणजे काय गावचा हातपंप होता का, कुणीही यावं आणि हलवून बघावं?

माझी पाळी आली. शब्द होता नावेचा, बोट. मी आरशात बघून म्हटलं, बोट. सर म्हणाले, सपाट. पुन्हा म्हटलं. सपाट. ओठ हलवा मॅडम, सोडा त्यांना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी जोर लावला, जबडा ढिला सोडला आणि माझ्या तोंडातून निघालं,

“ब्वाट.”

क्लासात हशा फुटला. मागच्या ओळीतला एक मुलगा तर खुर्चीवरून घसरला. ते सगळे जुन्नर-आंबेगावचे होते, सगळ्यांच्या घरी ब्वाटच म्हणत होते, म्हणून तर त्यांना इतकं हसू आलं. वक्तृत्वाचा डबा मिळवलेली मी, दुसरीपासून ज्या मुलीच्या तोंडून असा एक शब्द कुणी ऐकला नव्हता ती, भर वर्गात इंग्रजी बोलायला गेले आणि आईची बोली बोलले.

सर हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि फळ्यावर दोन बाण काढले. म्हणाले, यांनी चूक केली पण सपाट केली नाही. यांचा स्वर हलला. फक्त उलटा हलला. आपण गावाकडं ब्वाट म्हणताना मिटल्या ओठांनी निघतो आणि तोंड उघडतो. इंग्रजीत उघड्या तोंडानं निघायचं आणि ओठ मिटत आणायचे. वाट तीच आहे, चालायचं दुसऱ्या टोकाकडून. क्लास सुटल्यावर जिन्यात मात्र ते आमच्या भाषेत म्हणाले, “वाईट नका वाटून घेऊ. मी बी ग्वाडच म्हनत व्हतो. घरी अजून म्हनतो.”

त्यानंतर मला ते जमायला लागलं. कसं, तेही सांगते. मी आधी मनात आईचा शब्द म्हणायचे आणि तो उलटा फिरवायचे. ब्वाट म्हणायचं आणि त्या वाटेनं मागं यायचं, बोउट. त्याल म्हणायचं आणि मागं यायचं, टेइल. मावशीच्या घरी मोरीपाशी आरसा टेकवून मी हे करत बसायचे. मावशीनं एकदा विचारलं की सकाळपासून पेइन पेइन काय चाललंय, दाढ दुखती का. त्या शब्दाचा अर्थ दुखणंच होता, म्हणून मी हो म्हटलं. तिनं लवंग आणून दिली.

पण जमायला लागलं तशी मी अस्वस्थ व्हायला लागले. आईचे जे शब्द मी पंधरा वर्षं तोंडात येऊ दिले नव्हते, ते आता रोज शंभरदा मनात म्हणत होते, आणि तेही उलटे फिरवून टाकून देण्यासाठी. शिवाय तोंडाला एकदा हलायची सवय लागली की ते थांबायचं कुठं हे त्याला कळेना. मावशीला मी भाजी नकोउ म्हणाले. तिच्या पोरांनी तो शब्द उचलला आणि आठवडाभर घरात नकोउ, नकोउ सुरू राहिलं. मी त्यांच्यावर खेकसले. रात्री अंथरुणात पडल्यावर वाटायचं की माझ्या तोंडात आता एकही शब्द असा नाही, जो कुणी शिकवलेला नाही. ही भीती कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्याच्यासाठी हे चाललं होतं ते मिळवायचं होतं, आणि मावशीकडे पाव्हण्यांचे निरोप येतच होते.

सरांनी फोनच्या परीक्षेसाठी प्रत्येकाकडून स्वतःबद्दल चार वाक्यं तयार करून घेतली. माझ्या वाक्यांत ते दोन्ही स्वर यायला हवे होते, म्हणून त्यांनी एक वाक्य घातलं, माय मदर स्टेज ॲट होम, म्हणजे माझी आई घरी असते. स्टेजमध्ये एक वळण, होममध्ये दुसरं. मी म्हटलं, सर, माझी आई घरी नसते, ती दिवसभर कांद्यात असते. सर म्हणाले, कांद्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्यात आपल्याला हवा तो स्वर नाही. म्हणून मी स्वरासाठी आईला घरी बसवली. रोज वीसदा म्हणायचे, माझी आई घरी असते, आणि ती तेव्हा तिकडे पेंढारच्या उन्हात पात कापत असायची.

क्लासचा आणखी एक नियम होता. टेबलावरचा फोन वाजला की दाराजवळच्या खुर्चीत ज्याची पाळी असेल त्यानं तो उचलायचा आणि कंपनीत उचलतात तसं बोलायचं, हॅलो, गुड मॉर्निंग. मग पलीकडे खताची चौकशी करणारा शेतकरी का असेना. हॅलो या शब्दाच्या शेवटीही तेच वळण आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गावात सगळे हॅलो म्हणतात, नाहीतर हालू म्हणतात. सर म्हणायचे, ज्याला हॅलो आलं त्याची निम्मी नोकरी पक्की, कारण समोरचा तुम्हाला त्या एका शब्दावरून जोखतो.

परीक्षेचा फोन एका दुपारी आला. खोलीत सर आणि मी दोघंच होतो. मी उभी राहूनच बोलले. पलीकडच्या बाईनं गावाबद्दल विचारलं, शिक्षणाबद्दल विचारलं आणि मग घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं. मी ते वाक्य म्हटलं. आरशाशिवाय, बोटांशिवाय. स्टेइज, आणि होउम. दोन्ही वळणं अशी आली की सरांनी समोर मूठ वळली. बाई म्हणाली, उद्या कळवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासात कुणाचं लक्ष नव्हतं. फोन वाजला, सरांनी स्वतः उचलला, ऐकलं, थँक्यू म्हणाले आणि माझ्याकडे वळून फक्त मान हलवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या ओळीतल्या त्या मुलानं सर्वांत मोठ्यानं वाजवल्या.  ती खाट, ती पेटी मला समोर दिसत होती. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. सर म्हणाले, उचला मॅडम, आता तुमचाच मान.

मी उचलला आणि आयुष्यातलं सर्वांत सुंदर हॅलो म्हटलं. गुड मॉर्निंगही म्हटलं.

 पलीकडून एक श्वास ऐकू आला, आणि त्या श्वासावरूनच मी ओळखलं.

“नमस्कार, बाई,” आई म्हणाली. “मी पिंपरी पेंढारहून बोलत आहे. माझी मुलगी आपल्याकडे शिकायला आहे. तिला जरा बोलावता का?”

एकही शब्द चुकला नव्हता. बोलत आहे, आपल्याकडे, मुलगी. गावातल्या किराणा दुकानासमोर उभं राहून, लाल फोनमध्ये रुपया टाकायच्या आधी, तिनं तो सगळा पाठ केला असणार. कदाचित पदराआडून बोटंही लावली असतील. आई, मीच बोलतेय, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि ते माझ्याच्यानं म्हणवेना. इतक्या जपून मांडलेले शब्द तिनं आपल्याच पोरीपुढे मांडले, हे तिला कळलं असतं तर ती मेल्याहून मेली असती. मी बारीक आवाजात म्हटलं, थांबा हं, बोलावते. रिसीव्हर टेबलावर ठेवला. सर आणि सगळा क्लास माझ्याकडे बघत होता. मी थोडी थांबले, तेवढ्या वेळात माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येतं म्हणून. मग रिसीव्हर उचलून म्हटलं, आई, मी.

“कोन व्हती गं ती?” आईचा आवाज एकदम मोकळा झाला. “तुमची बाई का? लई ग्वाड बोलली.”

मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं की काय झालं, कळलं का काही. मी सांगितलं, झालं, घेतलं मला. पलीकडे दुकानातला तराजू वाजल्याचा आवाज आला, कुणीतरी साखर मागत होतं. आईनं दुसरा रुपया टाकला.

“मंग आता तू बी त्या बाईवानी बोलनार?”

मी म्हटलं, कामावर असताना बोलावं लागेल.

“मंग फोन केल्यावर मला कसं कळायचं, तू हाईस म्हनून?”

तिनं हे दुःखानं विचारलं नाही. फोन लावल्यावर कुणाशी कसं बोलायचं, आहे म्हणायचं की हाय, हे तिला आधी माहीत असायला हवं होतं, एवढाच तो सवाल होता. आधी फोन उचलणारी ती बाई कोण होती हे तिला तेव्हा उमगलं होतं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.  मग तीच म्हणाली, “मी इचारीत जाईन. बाई का प्वार? तू सांगायचं.”

पुण्यात मला खाट मिळाली, पेटी मिळाली. पहिला महिनाभर ती किल्ली मी गळ्यात घालून झोपत असे. काम जमलं. फोनवर मला कंपनीनं दिलेलं दुसरं नाव होतं आणि त्या नावाची मुलगी दिवसातून शेकडो वेळा हॅलो म्हणायची. आई रविवारी सकाळी दुकानातून हॉस्टेलवर फोन करायची. माझं हॅलो ऐकलं की आधी विचारायची, बाई का प्वार? मी म्हणायचे, प्वार. मग ती हसायची आणि सुरू व्हायची, अगदी चुलीपाशी बसल्यासारखी. गुरुजींनी मोडलेला तो शब्द मला आठवड्यातून एकदा असा वापरायला मिळायचा. प्वार, मिटल्या ओठांनी निघून उघड्या तोंडावर यायचं. सुरुवातीला तो आपोआप यायचा. पुढे पुढे त्याच्याआधी मला थोडं थांबावं लागायला लागलं, कुठल्या टोकाकडून निघायचं ते आठवायला.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडे मोबाइल आला. दुकानाचा नंबर त्यावर दिसायचा, तरी आई विचारायची राहिली नाही. एका रविवारी मला सुट्टी मिळाली नव्हती, मी कामावर होते आणि दोन फोनांच्या मध्ये तिचा फोन आला. कानावरचं यंत्र काढून मी मोबाइल घाईत उचलला. हॅलो म्हटलं.

“बाई का प्वार?”

“पोर,” मी म्हटलं. निघालं तेच. गुरुजींचं, स्वच्छ. आणि त्यातला ‘ओ’ जरासा ‘उ’कडे झुकलेलासुद्धा.

  पलीकडून आई सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली, “बरं, बाई. माझी मुलगी आली की तिला सांगा, आईचा फोन आला होता.”

आणि फोन बंद झाला. ती चेष्टा करत होती की काय, हे मला कळलं नाही. ती चेष्टा करायचीही. मी उठून जिन्यात गेले आणि लगेच दुकानात उलटा फोन लावला. तो बराच वेळ वाजला. मग दुकानदारानं उचलला. मी म्हटलं, आत्ता तिथून फोन करून गेल्या त्यांना जरा बोलवा.

“त्या निघाल्या की,” तो म्हणाला. “वढ्यापाशी गेल्या असतील. हाक मारतो. कोन बोलतंय म्हनून सांगू?”